बोळेबाबांचा ओला मंत्र

सोमवार उजाडला की अमरावतीत बोळेबाबांच्या मठापुढे बैलगाड्यांची अशी दाटी होई, की कापसाच्या बाजाराला हेवा वाटावा. बहिरे आत जात आणि ऐकते होऊन बाहेर येत. सगळेच नव्हे, पण ज्यांना गुण येत नसे त्यांची पापं मागल्या जन्मीची असत, आणि मागल्या जन्मांची जबाबदारी बाबांनी घेतलेली नव्हती.

तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटून तिथला कापूस अडकल्यापासून वऱ्हाडचा कापूस विलायतेला एवढा प्रिय झाला होता, की इथे बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं दिसू लागली होती. कापूस एवढं करतो, तर बहिऱ्याला ऐकवणं त्याला काय जड? हा युक्तिवाद लोकांनी फार खोलात न जाता मान्य केला. बाबा चिमूटभर कापूस घेत, ज्वारीच्या दाण्याएवढा बोळा वळत, तीर्थाच्या तांब्यात बुडवून पिळत आणि "पिशाच्च बाहेर, नाद आत" असा पुकारा करून चिमट्याने कानात खोल सरकवत.

"बेटा, हा कापूस मातीतला नाही," ते डोळे मिटून सांगत. "इंद्राच्या बागेतला आहे. तिथे अळी पडत नाही."

हे शेवटचं वाक्य शेतकऱ्यांच्या थेट काळजाला भिडे.

नत्थुजी दलालांना मात्र सहसा काही पटत नसे. सारं आयुष्य कापसाच्या बाजारात गेलेलं. पोत्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून नमुना काढायचा आणि गालाला लावून पाहायचा, ही त्यांची रीत. कारण त्या तेजीत वजन वाढवायला कापूस भिजवण्याची विद्या गावोगाव पसरली होती, आणि हाताला फसवणारी ओल गालाला फसवत नाही.

पण त्यांची स्वतःची लेक वच्छला बोळेबाबांच्या बोळ्याने ऐकू लागली होती. लहानपणी तिचे दोन्ही कान फुटून वाहिले होते. वाहणं थांबलं, ऐकणंही थांबल्यासारखंच झालं. अकोल्याच्या सासूने "भिंतीशी किती बोलू" म्हणत तिला माहेरी आणून सोडलं. नवरा पंजाबराव भला. ऐकू यायला लागलं की न्यायला येतो, असा त्याचा निरोप होता.

अडचण अशी, की बाबांचा गुण दोन-तीन दिवसांत विरून जाई. बाबांनी नत्थुजींच्या बायकोला, गोदाबाईंना, खुलासा केला: नाद गुरूच्या छायेतच टिकतो, तेव्हा मुलगी मठाला वाहा. गोदाबाईंनी रडत रडत देवीपुढे शब्द दिला. वच्छलेला कोणी विचारलं नाही. ऐकू येत नव्हतं तेव्हाही विचारत नसत, म्हणजे दोष केवळ तिच्या कानांचा नव्हता.

एका दुपारी अंगणात वच्छलेच्या कानातला बोळा गळून पडला. नत्थुजींनी तो उचलला आणि सवयीने गालाला लावला. ठणठणीत कोरडा.

"पडायच्या पयले आयकू येत होतं काय?" ते ओरडले.

"नाई जी. कालपासूनच नाई."

"अन् बोळा कानातच होता?"

"होता ना."

बोळा तोच, मंत्र तोच, कान तोच. गेली होती ती फक्त ओल. ओल्या कापसात लबाडी असते, एवढं नत्थुजींना धंद्याने शिकवलं होतं. ते लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर अब्दुल सत्तार हैद्राबादेत शिकलेले. त्यांनी आरशाने ऊन कानात पाडलं, बराच वेळ पाहिलं, साध्या पाण्यात साधा बोळा भिजवून आत टेकवला, आणि पाठीमागून हळूच वच्छलेला तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं.

"डफड्याच्या कातड्याले भोक पडलं तं ते वाजन काय, नत्थुजी?" डॉक्टर म्हणाले. "कानातबी असंच पातळ कातडं हाय. हिच्या कातड्याले भोक हाय. ओला बोळा त्याच्यावर चिकटते, भोक बुजते, आवाज लागते. सुकला का सुटते. विलायतचे डाक्टर हेच करतात. तुमच्या बाबानं कुठंतरी पाह्यलं असन. हुनर अच्छा हाय, नाव तेवढं इंद्राचं लावलं."

ज्यांचं कातडं धड आहे त्यांना याचा काडीचा उपयोग नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि बोळा दिवसेंदिवस आत कुजत राहिला तर कान पुन्हा वाहतो, म्हणून रात्री काढायचा. आपल्याच मुलखात कापलेलं नाक कपाळाच्या कातड्याने नवं करणारे कारागीर होते. कधीतरी कोणी कानातही जिवंत कातड्याचं ठिगळ लावील, मग बोळ्याची गरजच उरणार नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग त्यांनी वच्छलेच्या हाती चिमटा दिला आणि तिचं तिला बसवायला शिकवलं.

सोमवारी नत्थुजी डॉक्टरांना सोबत घेऊन मठात गेले, आणि भर गर्दीत वच्छलेला पुढे बसवून त्यांनी हात जोडून बाबांना विनंती केली: आज तीर्थ नको, कोरड्या बोळ्यावर नुसता मंत्र घाला. बाबा म्हणाले, देवाची परीक्षा पाहू नये. पण लोकांना तमाशा हवा होता. त्यांना बाबांच्या सामर्थ्याची इतकी खात्री होती, की त्यांनीच बाबांना सोडलं नाही. मंत्र झाला, चांगला लांबलचक झाला. कोरडा बोळा कानात गेला. गोदाबाईंनी मागून हाका मारल्या. वच्छला समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिली.

"पाप उसळलं आहे," बाबा म्हणाले.

मग नत्थुजींनी आपल्या पोत्यातला कापूस काढला, विहिरीचं पाणी मागवलं. डॉक्टर हाताची घडी घालून उभे राहिले. वच्छलेने गर्दीकडे पाठ करून कोरडा बोळा काढला, स्वतःच नवा भिजवला, पिळला, कानात बसवला. कोणी मंत्र म्हटला नाही.

"काही आयकू येते काय, माय?" गोदाबाईंनी हलकेच विचारलं.

"येते," वच्छला मान न वळवता म्हणाली. "महाराज चेल्याले म्हणून राहिले, मागच्या दारी गाडी जुंप."

सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा बाबा गादीवरून अर्धे उठले होते. गोदाबाई खाली बसल्या. देवीला दिलेल्या शब्दाचं काय, एवढंच त्या विचारत राहिल्या. वच्छला म्हणाली, शब्द तू दिला होता, मी नाई, अन् मले अकोल्याले जायचं हाय. पंजाबराव आठवड्याच्या आत येऊन तिला घेऊन गेला. बाबा त्याआधीच तिवशाकडे गेले होते, आणि तिकडेही गर्दी चांगली होती म्हणतात.

वच्छलेला गुण आला, तो खराच होता. खोटं होतं ते त्याचं श्रेय. म्हणून कशानेही गुण आला, की पाया पडण्याआधी एवढं करून पाहावं: मंत्र काढून घ्यावा आणि गुण राहतो का ते बघावं, मग पाणी काढून घ्यावं आणि पुन्हा बघावं. जे काढल्यावर गुण जातो, तेच औषध. आणि एवढी परीक्षा देवाला सोसत नाही असं जो सांगतो, त्याला काळजी देवाची नसते.