सौनाच्या वाटेवरचा सहावा खांब

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा खांब आहे. सध्या सौनाच्या, म्हणजे गरम वाफेच्या खोलीच्या, भिंतीला लागून आडवा पडलेला असतो. घाम काढायला येणारी मंडळी माझ्यावर बसून बूट काढतात. उभे राहण्यासाठी जन्मलेल्या खांबावर अशी लोळत पडण्याची वेळ का आली, ते सांगतो. सांगताना आजही मला वाईट वाटते.

नदीकाठच्या या लाल घरात तौनो आणि लेम्पी हे म्हातारे जोडपे राहत असे. तौनोने जन्मभर होड्या बांधल्या. लाकडाच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जमिनीशी मात्र त्याचा संबंध फारसा आला नाही, कारण होडीला पाया लागत नाही. बागेतली माती उकरायची ती लेम्पीने.

मग लेम्पीचे पाय गेले आणि ती चाकांच्या खुर्चीला खिळली. घराच्या दोन्ही दारांना उंच पायऱ्या होत्या. सगळा हिवाळा तिने खिडकीपाशी काढला. आमच्या या उत्तरेकडच्या मुलखात हिवाळाभर सूर्य जेमतेम तोंड दाखवतो. मार्च संपता संपता तो परत येतो, तेव्हा साचलेल्या बर्फावर ऊन असे लखलखते की माणसे भिंतीला पाठ लावून डोळे मिटून नुसती बसून राहतात. त्या वर्षी लेम्पी काचेआडून ते पाहत होती.

"तौनो, मला ऊन तोंडावर हवंय रे. काचेतून आलेलं नको," ती म्हणाली.

तौनोने तिला शब्द दिला. मागच्या दाराच्या उंबरठ्याला लागून तो मोठा लाकडी ओटा बांधणार होता. दार उघडायचे आणि खुर्ची सरळ उन्हात ढकलायची.

असले काम आमच्याकडे कुणी एकट्याने करत नाही. शेजारीपाजारी जमतात, दिवसभर राबतात, माशाचे सूप, राय नावाच्या धान्याची भाकरी आणि पोटभर कॉफी घेतात आणि संध्याकाळी सौनात बसून मग घरी जातात. याला तालकोत म्हणतात. तालकोतचा एक नियम कुणी न सांगता सगळे पाळतात. ज्याचे अंगण, त्याचा शब्द चालतो. पाहुण्याने मालकाची चूक काढायची नाही.

जूनमध्ये, आमच्या उन्हाळ्याच्या मध्यावर, युहान्नुसचा सण असतो. त्या सणाला लेम्पी ओट्यावर बसलीच पाहिजे, असा तौनोचा हट्ट होता. म्हणून त्याने घाईघाईने आधीच्या शनिवारी तालकोत ठरवले. ओट्याला सहा खांब लागणार होते.

मित्रांनो, थंडी आमच्या जमिनीत फार खोल उतरते. मातीतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि वर जे काही असेल ते उचलून धरतो. म्हणून थंडी जिथवर पोचते, त्याच्याही खाली खांबाचा पाय टेकवावा लागतो. पाच खड्डे माणसाच्या खांद्यापर्यंत खोल गेले. सहावा खड्डा सौनाच्या वाटेवर आला. मांडीपर्यंत खणून झाले आणि पहार ठणकन वाजली.

"खडक लागला!" तौनो खूश होऊन ओरडला. "बघा, देवानंच पाया घालून ठेवलाय!"

लेम्पी उघड्या दारात खुर्चीवर बसली होती. "तिथं कुठला खडक? त्या जागी माझी काळ्या बेरींची झुडपं होती. मी स्वतः खोल खणलंय तिथं."

"तू सुपाकडं बघ," तौनो हसत म्हणाला. "खडकाचं बघायला मी आहे."

सगळे हसले, लेम्पीही हसली. चार लोकांत नवऱ्याला खोटे पाडणे तिला प्रशस्त वाटले नाही. शेजारची साइमी तशी कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई. ती काहीतरी बोलणार होती, पण तालकोतचा नियम आठवून तिने उघडलेल्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला.

तो खडक नव्हता. साचलेला बर्फ म्हणजे आमच्या जमिनीची गोधडी. पण सौनाच्या वाटेवरचा बर्फ हिवाळाभर रोज फावड्याने काढलेला असतो. गोधडी गेलेल्या त्या पट्ट्यात थंडी सगळ्यात खोल शिरते आणि उन्हाळा आला तरी निघत नाही. त्या गोठलेल्या मातीवर जाड कागदाचा नळा उभा केला, त्यात सिमेंट ओतले आणि माझा जन्म झाला. पायाखालचा गारठा मला पहिल्यापासून जाणवत होता. पण खांबाला बोलता कुठे येते?

तो उन्हाळा मात्र सुखाचा गेला. युहान्नुसला दाराशी बर्चच्या फांद्या लावल्या. लेम्पी ओट्यावर बसून डासांना शिव्या देत कॉफी प्यायली. येणारा जाणारा ओट्याची वाहवा करत होता. त्या कौतुकात माझाही वाटा आहे असे मला वाटायचे.

उन्हाळा सरता सरता माझ्या पायाखालचा बर्फ वितळला आणि मी खचलो. ओट्याचा दाराकडचा कोपरा कलला. तौनोने माझ्या डोक्यावर लाकडाची जाड पाचर ठोकून ओटा पुन्हा सपाट केला. मग हिवाळा आला. माती फुगू लागली आणि मी वर वर जाऊ लागलो, डोक्यावर ती पाचर घेऊन. मार्चअखेर सूर्य परतला. तौनोने मोठ्या थाटात मागचे दार ढकलले, तर ते वीतभर उघडून ओट्याच्या फळ्यांना अडले. आमची दारे बाहेर उघडतात.

त्याने दाराचा खालचा भाग रंधून काढला. आठवड्याने मी आणखी थोडा वर आलो आणि दार पुन्हा अडले.

"अरे, करवत घे आणि दारापुढच्या फळ्या काप," साइमी म्हणाली. आता तालकोत नव्हते, त्यामुळे तिची जीभ मोकळी होती. "बायको महत्त्वाची की फळ्या?"

"नव्या कोऱ्या फळ्या कापू? थोडे दिवस थांबलं की बर्फ उतरेल आणि ओटा आपोआप खाली बसेल."

"मग तोवर आपण दोघं मिळून तिला पुढच्या दारानं उचलून नेऊ."

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" लेम्पी म्हणाली. "थांबते मी. थांबायला मला कुठं पाय लागतात?"

ती थांबली. रोज दुपारी तौनो तिची खुर्ची त्या वीतभर फटीशी आणून लावायचा. उन्हाची एक पट्टी तिच्या गुडघ्यावर पडायची. मग ती फटीतून हात बाहेर काढून बोटे उन्हात पसरून बसायची. मी तिथेच, त्या बोटांच्या खाली होतो. मला खाली सरकता आले असते तर मी जीव तोडून सरकलो असतो.

मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला, त्याच आठवड्यात लेम्पी झोपेतच गेली. जमीन अजून गोठलेलीच होती.

उन्हाळा सरता सरता तौनोने त्या कोपऱ्यातल्या फळ्या काढल्या, साइमीच्या ट्रॅक्टरने मला उपटून काढले आणि खड्ड्यात उतरून तो खणत राहिला. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत. सगळीकडे मऊ माती होती. मध्येच त्याच्या हाताला काळ्या बेरीच्या झुडपाचे कुजलेले मूळ लागले. ते घेऊन तो खड्ड्यातच खाली बसला.

"खडक नव्हता गं, लेम्पी," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडला.

मित्रांनो, माझ्या जागी आता दुसरा खांब आहे. त्याचा पाय खोलवर टेकला आहे आणि तो इंचभरही हललेला नाही. म्हणून माझे एवढे ऐका. काही बांधणार असाल तर सणाच्या घाईने बांधू नका. पहार वाजली म्हणून थांबू नका, खाली काय आहे ते नीट पाहा. आणि ज्याच्यासाठी बांधता आहात, त्याचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका.

तौनो अजून गावातल्या प्रत्येक तालकोतला जातो. नियम मोडून प्रत्येक खड्ड्याशी गुडघे टेकून बसतो आणि घरातल्या बाईला हाक मारून विचारतो, "इथं खाली काय आहे, तू सांग." मग घरी येऊन मागचे दार उघडतो. ते आता एका बोटाने सताड उघडते. उन्हाने भरलेल्या त्या ओट्यावर तो कधी बसत नाही. दारात उभा राहून फक्त हात बाहेर काढतो आणि बोटे उन्हात धरतो.