चारही पाय जमिनीवर

पाहुण्यांना शहर फिरवून दाखवणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे बुलबुल म्हणत, कारण तिच्या जिभेला विसावा कसा तो नव्हता. पण हल्ली बुलबुलचीही पंचाईत होई. पुतळ्यासमोर उभं राहून खरा इतिहास सांगायला लागलं की मंडळी जांभया देत, मोबाइल चाळत, नाहीतर चहा कुठे मिळेल ते विचारत. मॅनेजर म्हणायचे, "अगं, जरा तिखटमीठ लाव की!" मग तिने मोबाइलवरून फिरत आलेली घोड्याच्या पायांची गोष्ट उचलली आणि तिची गाडी रुळावर आली.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की चौकातला चौथरा दिसतच नव्हता. घोडा आणि त्यावरचा कप्तान जणू अधांतरी उभे होते. घोड्यानेच मोठा श्वास सोडला असावा आणि त्याचंच हे धुकं झालं असावं, असं बुलबुलला क्षणभर वाटून गेलं.

"मंडळी, घोड्याचे पाय बघा!" ती म्हणाली. "दोन पाय हवेत, म्हणजे स्वार लढाईत पडला. एक पाय हवेत, म्हणजे जखमांनी गेला. आणि चारही जमिनीवर? म्हणजे स्वारी अंथरुणात, पांघरूण ओढून, आरामात गेली!"

हशा पिकला. फक्त करड्या शालीतल्या एक आजीबाई हसल्या नाहीत. बाकीचे फोटो काढायला पांगले, तशा त्या काठी टेकत जवळ आल्या.

"मुली, हे तुला कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात, आजी."

"तो वर बसलाय ना, ते माझे वडील. पुलावरच्या लढाईत गेले. नदीने देहसुद्धा परत दिला नाही."

बुलबुलने चमकून पुतळ्याकडे पाहिलं. "पण मग घोड्याचे पाय..."

"मूर्तिकाराने घोडा उधळलेलाच काढला होता. कागदावर. माझ्या आईने तो बघितला आणि म्हणाली, 'फार धावला हो तो. आता त्याला जरा उभं राहू द्या.' म्हणून हे चार पाय जमिनीवर आहेत."

धुक्यातून कबुतरांचे पंख फडफडले. आजी पुतळ्याकडे बघत बोलत होत्या, जणू तिथे कोणी ऐकणारं होतं.

"आई रोज इथे येऊन बसायची. मग कुठून तरी ही पायांची अफवा आली. एक दिवस कोणीतरी तिच्या तोंडावरच हसलं, 'तुमचे हे अंथरुणात गेले म्हणे!' त्यानंतर तिने या चौकात पाऊल ठेवलं नाही. आपल्या हातानेच नवऱ्याच्या नावाला बट्टा लावला, असं वाटत राहिलं तिला. शेवटपर्यंत."

"मला खरंच ठाऊक नव्हतं, आजी."

"ठाऊक नव्हतं, की विचारलंच नाहीस? नदीपलीकडच्या सरदाराच्या घोड्याचे दोन पाय हवेत आहेत. तो कसा गेला?"

तो सरदार नातवंडं खेळवत म्हातारा होऊन गेला होता, हे बुलबुलने वाचलं होतं. गोष्टीत बसत नाही म्हणून ती ते सोयीस्करपणे गाळत होती!

"असा नियम नसतोच गं," आजी म्हणाल्या. "मूर्तिकाराला जसं सुचतं, धातूचा तोल जसा साधतो, घरचे जसं सांगतात, तसा घोडा उभा राहतो. आणि समज, माझे वडील अंथरुणात गेले असते, तर? जन्मभर माणसांसाठी झिजून कोणी शांतपणे डोळे मिटले, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?"

किती साधा प्रश्न! बुलबुलचे डोळे भरून आले. तिने आजींना हाताला धरून पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "तुमच्या आईबद्दल सांगा ना." आजी सांगत राहिल्या. धुकं विरळ होत गेलं, तशी घोड्याची मान स्पष्ट दिसली, मग कप्तानाचा सैल सोडलेला लगाम. इतक्या दिवसांत तो लगाम बुलबुलने पाहिलाच नव्हता.

मॅनेजर वैतागले. "पायांची गोष्ट बंद? अगं, लोक त्यासाठीच येतात!"

"येऊ देत. मी त्यांना खरी सांगेन."

पुढच्याच फेरीत एका गृहस्थांनी डोळे मिचकावत विचारलं, "पायांचं गुपित सांगा ना!"

"ते गुपित खोटं आहे, काका. मीही सांगायचे, आता नाही सांगत." आणि तिने पुलाबद्दल सांगितलं, नदीबद्दल सांगितलं आणि कप्तानाच्या बायकोचं ते एकच वाक्य सांगितलं. कोणी जांभई दिली नाही. त्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ ते वर बघत राहिले.

मित्रहो, ऐकीव गोष्ट पुढे ढकलायला आपल्याला क्षणही लागत नाही. पण ज्याच्याबद्दल ती असते, त्याच्या घरात ती वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. म्हणून सांगण्याआधी एकदा विचारा, हे खरं आहे का? आणि माणसाची किंमत करायचीच असेल, तर तो कसा मेला यावर करू नका. कोणासाठी जगला, ते बघा!