घराची सावड

सुधाकरराव तेलंगणातल्या बोथच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि गावाला फुकटात शिकवायला लागले. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकायची, समोर धाकटा भाऊ उद्धवराव, कापसाचा दलाल. एक म्हणे समाजवाद, दुसरा म्हणे बाजार. दोघांचा चहा सुधाकररावांची बायको रेणुकाबाई करायची. भांडवलशाहीला साखर जास्त लागते आणि समाजवादाला चहापत्ती, एवढा फरक तिला इतक्या वर्षांत कळला होता.

तिचं काम वेगळं होतं. गावातल्या बायांची सावड ती चालवायची. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून हिच्या वावरात कापूस वेचायचा, उद्या तिच्या. पैसा नाही, रोजाला रोज फिटतो. जिची बारी, तिनं सगळ्यांची भाकर आणायची. सुधाकरराव भाषणात ह्याला ‘मातीतला समाजवाद’ म्हणत. त्या मातीत त्यांचा पाय काही कधी पडला नव्हता.

यंदा सावडीत रुक्माबाई होती. बौद्धवाड्यातली, नवरा गेलेला, स्वतःचं वावर नाही. उद्धवरावाच्या जमिनीची एक पट्टी तिनं पिकाच्या वाट्यावर, बटाईनं पेरली, म्हणून बायांनी तिला धरलं. वेचणी लागली, तशी रुक्माबाईनं सगळ्यांच्या वावरात कमरेला ओटी बांधून कापूस वेचला. तिची स्वतःची बारी शेवटी होती. ती यायच्या आत उद्धवरावानं पट्टी सोलरवाल्यांना भाड्यानं दिली. कापसाची उभी पऱ्हाटी उपटली आणि बियाण्याचे पैसे रुक्माबाईच्या हातावर ठेवले. त्याच्या लेखी व्यवहार साफ झाला.

शुक्रवारी संध्याकाळी रुक्माबाई ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाई, माझे रोज हायेत तुमच्या सगळ्यायच्या अंगावर. मले बारी द्या.”

“तुले वावर कुठं राह्यलं आता?” रेणुकाबाई म्हणाली.

“वावर नाई, घर हाये. सरकारी घर मंजूर झालं ना. जोत्याचे दगड बसले, पैसा सरला. मुरूम पडून हाये, तो आत भरून ठोकला का झालं. सोमवारी इंजिनिअर फोटो काढाले येते. भरलेलं नसन तर हप्ता अडकते, नाव मागं जाते. एकलीच्यानं होत नाई. बायांचा एक दिवस द्या.”

उद्धवराव हसला. “वहिनी, हा काय निजामाचा जमाना हाये? रोजी ठरवा, द्या, मोकळे व्हा. बाजारात कोणाचं कोणावर काई राह्यत नाई.”

“तुमी मोकळे झाले भाऊ, तवाच तर मी इथं उभी हाये,” रुक्माबाई म्हणाली.

सुधाकररावांनी घसा साफ केला. “उद्धव, श्रम ही विकायची वस्तू नाही.” मग ते रशियाच्या सामूहिक शेतीवर गेले, तिथून गांधींच्या खेड्यावर आले, बाबासाहेबांच्या राज्य-समाजवादाशी त्याची तुलना केली. सगळं बरोबरच बोलत होते. रुक्माबाई उभीच होती. तिला बस म्हणायचं मात्र कोणत्याच वादाला सुचलं नाही.

“अहो, मंग दिवस द्याचा का नाई?” रेणुकाबाईनं विचारलं.

“तत्त्वतः द्यायलाच पाहिजे. पण सावड ही शेतीची व्यवस्था आहे. घराचा प्रश्न राज्यानं सोडवायचा असतो.”

“राज्यच येऊन राह्यलं ना सर सोमवारी,” रुक्माबाई म्हणाली.

रेणुकाबाईनं मधली वाट काढली. “रुक्मा, मी सगळ्यायकून तुही रोजी गोळा करून देतो.”

“रोजी घेतली का मी मजूर झाली, बाई. मजुरीच कराची होती तर तुमच्या संगं एका फडक्यातली भाकर काऊन खाल्ली असती?”

“पाहू,” रेणुकाबाई म्हणाली. पाहू म्हणजे नाही, हे दोघींनाही कळलं. आभाळ भरून होतं आणि रेणुकाबाईचा कापूस फुटून लोंबत होता. दुसऱ्या वेचणीची पहिली बारी तिचीच होती.

शनिवारी बाया वावरात आल्या. रुक्माबाईही आली. ओटी बांधली, पऱ्हाटीच्या एका ओळीचं तास धरलं आणि वेचायला लागली.

रेणुकाबाई सरकत तिच्या तासाजवळ गेली. “काऊन आली व?”

“नाई आली असती, तर मनल्या असत्या का सावड रुक्मानंच मोडली. मी नाई मोडत. मोडाची असन तर तुमी मोडा, सगळ्यायच्या समोर.”

रेणुकाबाईला राग आला. चुकलेल्या माणसाला येतो, तसला राग. दुपारपर्यंत तो उतरला आणि खाली उरली ती निव्वळ लाज. भाकर सोडताना ती म्हणाली, “उद्या सगळ्या रुक्माच्या घरी. घमेले घेऊन या.”

जेवण थांबलं.

“घराची सावड असते का कुठं?” लक्ष्मीबाई म्हणाली. सावडीतली ती सगळ्यांत जुनी.

एकीला पावणे येणार होते. एकीची कंबर धरली. एकीचा उपास निघाला. बौद्धवाड्यात माती टाकायला आम्ही जाणार नाही, असं कोणी म्हणालं नाही. तो शब्द तोंडात न घेता सगळं बोलायची कला ह्या गावाला दुनियेतल्या सगळ्या वादांच्या आधीपासून येते.

“जी येणार नाई, तिची बारी माझ्याकून संपली,” रेणुकाबाई म्हणाली.

“आन तुमची आमच्याकून,” म्हणत लक्ष्मीबाईनं ओटी सोडून वावराच्या कडेला धुऱ्यावर कापूस ओतला. बाकीच्या तिच्या मागं गेल्या. अर्धं वावर पांढरं राहिलं.

घरी रेणुकाबाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, उद्या मुरूम टाकाले चला.”

“उद्या आदिलाबादला परिसंवाद आहे गं. माझा पेपर आहे.”

“कायच्यावर?”

“सामूहिक श्रमावर.”

ती हसली नाही. हसायची ताकद तिनं घमेल्यासाठी ठेवली.

रविवारी चौघी होत्या. रुक्माबाई, तिची मुलगी वृषाली, शेजारची सोजरबाई आणि रेणुकाबाई. भरायचं, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं. रेणुकाबाईचे तळहात सोलले. ह्या गल्लीत लग्नानंतर ती पहिल्यांदाच पाणी प्याली, आणि ते तिच्या तोपर्यंत लक्षातही आलं नव्हतं, ह्याचंच तिला वाईट वाटलं. दिवस बुडायच्या आत जोतं भरलं. तेवढ्यात पावसाची एक सर आली. तिचा कापूस भिजत असणार, हे तिनं ओळखलं आणि पुन्हा धुम्मस उचललं.

सोमवारी इंजिनिअर आला, तेलुगू पोरगा. सुधाकरराव इस्त्रीचा सदरा घालून हजर होते. जोत्यावर हात ठेवून रुक्माबाईशेजारी उभे राहिले. “हा सामूहिक श्रमाचा विजय आहे,” ते म्हणाले. उद्धवराव म्हणाला, माझा ट्रॅक्टर भाड्यानं घेतला असता तर तासाभराचं काम होतं.

“सार, कोंचम पक्ककु जरगंडी,” इंजिनिअर मोबाईल धरून म्हणाला.

सुधाकररावांना तेलुगू उत्तम येत होती. ते हलले नाहीत.

“सर, बाजूले सरका,” रुक्माबाई म्हणाली. “घर माझं हाये.”

ते सरकले. फोटो निघाला. रेणुकाबाई तो पाहायला थांबली नाही, वावरात गेली. ओला कापूस काळवंडला होता, भाव पडणार होता. ती एकटीच तास धरून चालली.

दुपारी धुऱ्यावरून रुक्माबाई आणि वृषाली आल्या. ओट्या बांधल्या.

“तुहे रोज फिटले व आता,” रेणुकाबाई म्हणाली.

“फिटले ना. हा नवा.”

हा रोज कशानं फेडायचा, हे रेणुकाबाईनं विचारलं नाही. त्या घराच्या भिंती अजून व्हायच्या होत्या.