निळ्या करंगळ्या

पलीकडच्या गल्लीत एका पोराला गोवर निघाला होता, म्हणून शाळेच्या वर्गात लसीकरण मांडलं होतं. पद्धत साधी: आधी सुई, मग डाव्या करंगळीवर शाई. शाई दिसली की पोर सुटलं.

पण सुई टोचली की पोरं भोकाड पसरतात आणि रडक्या तोंडांचा फोटो कोण छापणार? मोहिमेच्या साहेबांनी तोडगा काढला. "सिस्टर, उद्घाटनाचे पाहुणे यायच्या आत शाई लावून टाका. सुई काय, मागाहून आहेच."

सिस्टरने तोंड उघडलं. साहेबांनी नुसता हात वर केला.

फोटो झकास आला. पुढे निळ्या करंगळ्या, मागे पाहुण्यांचे दात. मग पाहुण्यांनी बालकांच्या भवितव्यावर भाषण ठोकलं. भवितव्य तोवर मागच्या दाराने पसार झालं. शिपायाने प्रत्येकाची करंगळी नीट तपासूनच बाहेर सोडलं. माणूस मोठा कर्तव्यदक्ष.

"पोरं कुठायत?" लसीची पेटी उघडत सिस्टरने विचारलं.

"झालं की सगळ्यांचं!" साहेब चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "करंगळ्या रंगल्यात. शंभर टक्के."

सिस्टरला त्या ओल्या बिस्किटाकडे बघवेना. मागच्या साथीत गोवराने डोळे गेलेली एक मुलगी तिच्या वॉर्डात होती. दिवसभर आईचा हात चाचपायची.

तेवढ्यात साहेबांची लेक आली, कडेवर पोर. "बाबा, याला टोचलंच नाही की!"

बिस्किट चहात बुडालं. "सिस्टर, याचं तेवढं उरकून घ्या."

"शाई लागलीय ना, साहेब. शंभर टक्क्यांत आहे तो."

"चेष्टा कसली करताय? पलीकडे गोवर आहे!"

"म्हणजे बाकीच्यांनाही नाही टोचलं?" लेकीने विचारलं. साहेब चमच्याने बुडालेलं बिस्किट शोधू लागले.

पोराचा काय दोष? सिस्टरने त्याला टोचलं, पेटी खांद्याला लावली. "चला साहेब, घरोघर. आयांना तुम्हीच सांगा."

"मी?"

"उठा, बाबा," लेक म्हणाली.

पहिल्याच दारात आईने पोरीची करंगळी पुढे केली. "झालंय की आमचं!"

साहेबांनी घसा खाकरला. "ताई, काय झालं, आमच्या सिस्टरकडून जरा चूक झाली..."

सिस्टरने साहेबांकडे एकवार पाहिलं. मग तिने सुई भरली. पोरीचा दंड समोर होता, अख्खी गल्ली बाकी होती.