मैनेला घेऊन खाली

हैबती आणि त्याची आठ वर्षांची मुलगी मैना पोलादपूरच्या डोंगरात, गावापासून बरंच वर, माळावर झोपडी बांधून राहत. जमिनीच्या भांडणात गावकीनं हैबतीला वाळीत टाकलं होतं. त्याच दिवसांत त्याची बायको अंकिता बाळंतपणात अडली. तिला डोलीतून खाली न्यायला त्यानं घरोघरी हाका मारल्या. कुणी खांदा द्यायला आलं नाही. तिच्या आईनं, आनंदीबाईनंही, गावकीच्या भीतीनं दार उघडलं नाही. अंकिता गेली, पोटातलं मूलही गेलं. तान्हेपणातून जेमतेम बाहेर आलेल्या मैनेला पाठीशी बांधून हैबती वर गेला, तो पुन्हा गावात आला नाही. मीठ-तांदूळ आणायलाही तो डोंगराच्या पलीकडच्या बाजूनं एकटाच उतरायचा. तेव्हापासून बापाशिवाय दुसरं माणूस मैनेनं जवळून पाहिलंच नव्हतं.

त्या सकाळी लाकडं उचलताना तिच्या पायाला फुरसं चावलं. हैबतीनं साप ओळखला, तरी गावात उतरायला नको म्हणून तो थांबला. पाला वाटून लावला. उतरेल, उतरेल, असं मनाशी म्हणत राहिला. दुपारी पाय मांडीपर्यंत सुजला.

"बाबा, तोंडात खारट लागतंय," मैना म्हणाली. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

त्यानं तिला पाठुंगळी घेतलं आणि जवळची वाट धरली. ती गावातूनच जात होती.

देवळापाशी दोघं-तिघं बसले होते.

"पोर मरतेय. गाडी द्या कुनीतरी," हैबती म्हणाला.

"गावकीला इचारायला लागंल," त्यातला एक खाली बघत बोलला.

हैबती तसाच पुढं गेला आणि आनंदीबाईच्या दारावर थापा मारू लागला.

"आई, दार उघडा. अंकिताची पोर हाय."

या वेळी दार उघडलं. त्याच्या खांद्यावर ओघळलेलं रक्त म्हातारीनं पाहिलं आणि ती अनवाणीच पुतण्याकडे, प्रवीणकडे धावली.

"रिक्षा काढ."

"काकी, गावकी काय म्हनंल?"

"मला म्हनू दे. तू काढ."

पोलादपूरच्या दवाखान्यातून त्यांना महाडला पाठवलं. तिथं इंजेक्शनं सुरू झाली. नर्स जवळ आली की मैना किंचाळायची, बापाच्या हाताला नखं रुतवायची. दोन दिवसांनी रक्त थांबलं.

"आता हिला वर नेऊ नको रे," आनंदीबाई म्हणाली. "माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तू बी ये."

"तवा दार का नाय उघडलंत?"

"भ्याले," ती म्हणाली.

हैबतीनं मैनेच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "हिला न्या. मला जमायचं नाय त्या गावात."

त्याला वाटलं होतं मैना झोपली आहे. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी काय केलं, बाबा?"

त्यानंतर त्याला एकट्यानं डोंगर चढता आला नाही. तो आनंदीबाईच्या घरी गेला, पण ओटीवर पाय ठेवला नाही. गोठ्यात गवतावर पथारी टाकली. मैनाही घरात जाईना. म्हातारी जेवण गोठ्यातच आणून द्यायची. वाटेनं जाणारी माणसं थांबून बघायची, तेव्हा हैबती लेकीला कुशीत ओढून अंगावर घोंगडी घ्यायचा आणि माणसं निघून जाईपर्यंत दोघं तशीच पडून राहायची.