कोरडी चादर

फुलंब्रीजवळच्या मठात पाचशे बाया श्वास रोखून बसल्या होत्या. पुढं पांढऱ्या चादरीवर माझी आई, मनकर्णाबाई. आरती संपली तशी ती झोकांड्या खात उठली. आप्पासाहेब महाराजांनी चादर उंच धरली.

"बघा! हाय का एक थेंब? वीस वर्षांचं लघवीचं गळणं, माझ्या एका दोऱ्यानं बंद! डाक्टर गेले चुलीत!"

बाया हात जोडून रडायला लागल्या. शेजारच्या सारजामावशीनं व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी आईला भरती केलेल्या दवाखान्यात तिनंच तो मला दाखवला. आई तेव्हा बेशुद्ध होती.

"मावशी, दोऱ्याबरोबर पथ्य काय दिलं होतं?"

"लई काय नाय, नंदे. तीन दिस मठात राहायचं, निर्जळी. एकादशीला करतोच की आपण."

मे महिन्यात तीन दिवस निर्जळी! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हाच तो चमत्कार. मेल्यानं चादर कोरडी करायला बाईच वाळवली.

मी, राजनंदिनी, शहरात फिजिओथेरपिस्ट आहे. शिंकलं, खोकलं की लघवी गळणाऱ्या बाया रोज माझ्याकडं येतात. आणि माझी आई वीस वर्षं लग्नाला जाईना, एसटीत बसेना. मला वाटायचं, हट्टी झालीय म्हातारी.

ती एकदाच शुद्धीवर आली.

"आई, मला का नाय सांगितलंस गं?"

"लेकीला असलं काय सांगावं? लाज वाटली."

मूत्रपिंडं निकामी झाली होती. चौथ्या दिवशी आई गेली.

तेराव्यानंतर सारजामावशी माझ्या दवाखान्यात आली. कमरेला महाराजांचा तसलाच दोरा.

"मलाबी तसंच हाय, पोरी. पुढच्या अमावस्येला चादरीवर माझा नंबर होता. तू काय करतीस? दुखतं का?"

"दार लावते. आधी नुसतं बोलू. तू हो म्हणालीस तरच तपासते, नको म्हणालीस की थांबते. मग लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचे, पुरते सैल सोडायचे, श्वास कोंडायचा नाय. कुणाचे आधीच ताठलेले असतात, तिला सैल सोडणंच शिकवते. तीन-चार महिने रोज. जादू नाय, पण बऱ्याच जणींना गुण येतो."

"एवढंच?"

"एवढंच, मावशी." आणि मला रडू आवरेना.

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं दोरा तोडला आणि ती घटाघटा पाणी प्यायली.

बायांनो, चादर कोरडी दिसली की हात जोडू नका. विचारा, हिला पाणी दिलं होतं का? आणि लाजेचं दुखणं बुवाच्या आधी डॉक्टरला सांगा, लेकीला सांगा. माझा दवाखाना आईच्या घरापासून पाऊण तासावर होता.