चांदाच्या सहावीची ओहोटी

माझं हसू वाईट आहे, असं दापोलीच्या मुकादमांनी आम्हाला लेखी कळवलं होतं. ती मंडळी मला बघायला आली तेव्हा मी पडद्याआड शरबताचं तबक धरून उभी होते. मुलाच्या चाचांनी टोपी काढून शेजारच्या लोडावर ठेवली आणि आमची मांजर त्या टोपीत जाऊन बसली. आता मी काय करणार? हसले. माझं हसू उचकीसारखं सुरू होतं, वाढत जातं आणि शेवटी सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जातं. आठ दिवसांत पत्र आलं. मुलगी चांगली, घराणं चांगलं, पण हसू चांगल्या घरचं नाही.

त्यानंतर खैरुद्दीनभाईनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला शारजाला बोलावून घेतलं. ही त्रेसष्ट सालची गोष्ट. भाई विमानतळावर स्टोअरकीपर होता. खाडीजवळ आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत नूरजहाँभाभीचं राज्य होतं.

तिथं गनीमामूंनी स्थळ आणलं. गनीमामू हर्णैचे. चाळीस वर्षं गलबतावर काढलेले, आता शारजात दोऱ्या आणि शिडाचं कापड विकत होते. त्यांचा सख्खा भाचा तय्यब किनाऱ्यावर दूर उत्तरेला, रास अल-बूमच्या खडकावर, बत्तीवाला होता. रात्री जहाजांसाठी दिवा लावायचा, सकाळी विझवायचा. अकरा महिने तो तिथंच होता. रविवारी मुंबईची बोट सुटणार होती आणि तय्यबच्या आईला त्या बोटीनं जवाब हवा होता.

आमच्यात मुलीला विचारतात, नाही असं नाही. भाऊ विचारतो, मुलगी मान खाली घालून गप्प राहते, आणि गप्प राहिली की होकार धरतात. माझी हरकत गप्प राहायला नव्हती. मला एवढंच कळायला हवं होतं की या माणसाच्या घरात मला हसता येईल की नाही. ज्या घरात हसायची चोरी, तिथं जन्म काढायचा म्हणजे मी फुटूनच मरणार. पण हे विचारायचं कुणाला? असा प्रश्न कुठल्याच बैठकीत विचारत नाहीत.

भाईला माझं मन कळलं असावं. गुरुवारी तो म्हणाला, ‘‘उद्या सुट्टी आहे. पिकनिकला जाऊ. मामू गाइड. चालत बत्तीपर्यंत, दुपारी बॅक.’’

पिकनिक कसली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोललं नाही. रात्री भाभीनं मला बाजूला घेतलं. ‘‘आपण दोघी बुरख्यात, नकाब खाली. त्याला कळता कामा नये यातली कोण कुठली. आपण बघायचं, दिसायचं नाही. आणि कुबरा, उद्या तू हसलीस ना, तर रविवारच्या बोटीत पत्राबरोबर मी तुलाच बसवून देईन.’’

पहाटे लँड रोव्हरनं आम्हाला एका कोळीवस्तीपाशी सोडलं. बरोबर सांदणांची, म्हणजे भाभीनं रात्री वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांची, टोपली होती. तिथून पुढं चार मैल नुसता किनारा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र. डिसेंबरची थंड हवा होती, आणि पायाखालची वाळू इतकी घट्ट की आपोआप उड्या माराव्याशा वाटत होत्या. मी दोन मारल्यासुद्धा. भाभीनं चिमटा काढला.

गनीमामू सगळ्यांच्या पुढे. लुंगी, कोट, हातात वेताची काठी. दर फर्लांगाला थांबून ते आम्हाला काहीतरी दाखवत. ‘‘हा दगड बघून ठेवा.’’ आम्ही बघून ठेवायचो. ‘‘कशासाठी, मामू?’’ भाईनं एकदा विचारलं. ‘‘गाइड कोण, तू की मी? यल्ला, चला.’’

त्यांचा सगळा भरवसा हाताच्या बोटांवर होता. बत्तीचा खडक किनाऱ्यापासून सुटा होता. मधे वाळूची पट्टी होती, ती ओहोटीला उघडायची आणि भरतीला बुडायची. मामूंनी पेरं मोजून दाखवली. ‘‘आज चांदाची सहावी. सहाची तिप्पट अठरा. अठराचा चौथा हिस्सा साडेचार. साडेचारला भरती. त्यातून सहा तास काढा, साडेदहाला ओहोटी. दहाला जायचं, अकराला परत, आणि जुम्याच्या नमाजाला गावातल्या मशिदीत. खलास! माझ्या बापानं शिकवलेला हिशेब आहे. हर्णैच्या बंदरात एक मिनिट चुकला नाही.’’

दहाला आम्ही पट्टीवर पोचलो. पाणी घोट्यापर्यंत होतं. मामू म्हणाले, ‘‘अजून उतरतंय. बघा कसं खाली चाललंय.’’ मला ते वर येतंय असं वाटलं, पण मी त्या दिवशी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. आम्ही चपला हातात घेऊन पलीकडे गेलो.

पांढराशुभ्र मनोरा, पायथ्याशी दोन खोल्या, दोन शेळ्या आणि दारात तय्यब. उंच, काळासावळा, इस्त्री केलेला पांढरा सदरा. इस्त्री बहुतेक त्या सकाळीच केली होती, कारण खांद्यावर जळल्याचा तांबूस डाग होता. त्यानं सलाम केला आणि त्यानंतर दहा मिनिटं त्याला शब्द सुचेना. अकरा महिने शेळ्यांशी बोलून माणूस असाच होत असेल. मग तो चहा घेऊन आला. त्याच्याकडे कप दोनच होते, बाकी पेले, आणि त्या दोन कपांतल्या एकालाच कान होता. दोन काळ्या बुरख्यांकडे त्यानं आळीपाळीनं बघितलं, घाम पुसला आणि मन घट्ट करून कानाचा कप भाभीला दिला.

भाभी बारा वर्षं संसार केलेली बाई. पण ती नकाबाच्या आत अशी काही लाजली की मला तिथंच पहिली उचकी आली. मी ती चहाबरोबर गिळली.

भाईनं पगार विचारला, सुट्टी विचारली. तय्यब सांगत होता, वर्षातून दोन महिने शारजात ड्युटी, बायको आणायची परवानगी आहे, पाणी होडीनं येतं. सगळी उत्तरं बरोबर होती आणि एकही माझ्या कामाचं नव्हतं. उठायची वेळ झाली, आणि मला काहीच कळलं नव्हतं.

अकराला मामू उठले. ‘‘चला, टाइम म्हणजे टाइम.’’ तय्यब म्हणाला, ‘‘मी जरा वरची काच पुसून घेतो,’’ आणि मनोऱ्याच्या जिन्यानं वर गेला. मला हे विचित्र वाटलं. पाहुणे निघालेत आणि हा काच पुसतोय!

खाली आलो तर वाळूची पट्टी गायब. इकडून तिकडे नुसतं हिरवं पाणी.

‘‘शक्य नाही,’’ मामू म्हणाले.

‘‘मामू, पाणी आहे,’’ भाई म्हणाला.

‘‘पाणी असेल. पण ओहोटी आहे. साडेदहाची ओहोटी, अजून उतार चालू आहे. तुम्ही घाबरू नका, मी दाखवतो.’’ आणि सांदणांची टोपली डोक्यावर ठेवून मामू समुद्रात शिरले. पाणी गुडघ्याला लागलं. ‘‘सहाची तिप्पट अठरा,’’ मामू मोठ्यानं म्हणाले. पाणी मांडीला लागलं. ‘‘अठराचा चौथा हिस्सा साडेचार!’’ त्यांची लुंगी फुगून वर आली आणि त्यांच्याभोवती मोठ्या भाकरीसारखी तरंगायला लागली. ‘‘साडेचारातून सहा तास...’’ तेवढ्यात त्यांच्या हातातून सुटलेली एक चप्पल त्यांच्या समोरून शांतपणे किनाऱ्याकडे निघाली. मामूंनी तिच्याकडे बघितलं आणि तिला हुकूम केला, ‘‘थांब!’’

मी खूप सोसलं. ओठ चावले, बोटं चावली, नकाब तोंडात कोंबला. पण मग टोपली कलंडली, आणि आमची पांढरीशुभ्र सांदणं एकामागून एक चपलेच्या मागं पोहत निघाली.

मी हसले. आधी उचकी, मग दुसरी, मग सगळंच. खडकावर बसले, नकाब वर फेकून पोट धरलं आणि दापोलीला ऐकू जाईल असं हसले. शेळ्या पळाल्या. भाभीनं कपाळाला हात लावला. भाई आकाशाकडे बघत राहिला.

आणि मग मी थांबले, कारण मला समजलं की सगळं संपलं. आता त्याला कळलं होतं यातली कोण कुठली. डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचं की कसलं, मलाच सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी वाटलं पाण्याचा पंप कोरडा पडलाय. खर्र, खर्र, खूं. मान वर केली तर मनोऱ्याच्या सज्ज्यातल्या कठड्यावर तय्यब ओणवा झाला होता आणि हसत होता. इतकं वाईट हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्यापेक्षा वाईट! खूं म्हणताना त्याचा श्वास अडकायचा आणि पुन्हा पंप चालू व्हायचा.

तो धावत खाली आला, मामूंना हात देऊन बाहेर काढलं, आणि डोळे पुसत कुणाकडेही न बघता म्हणाला, ‘‘मीसुद्धा पहिल्या महिन्यात हर्णैचाच हिशेब धरला होता. साखरेचं पोतं खांद्यावर घेऊन मधोमध उभा होतो. पोतं घरी आणलं, साखर नाही आली. इथल्या समुद्राला आपला हिशेब कुणी शिकवलेलाच नाही.’’ मग थोडं थांबून, त्याहून हळू, ‘‘इथं चार मैलांत माणूस नाही. कुणी कितीही मोठ्यानं हसलं तरी चालतं.’’

हे तो शेळीकडे बघून म्हणाला. पण शेळीला सांगायचं असतं तर त्याचे कान एवढे लाल झाले नसते. माझ्या छातीवरचा दगड धप्पकन खाली पडला. मी नकाब खाली घेतला, कारण आतमध्ये मी वेड्यासारखी दात काढत होते.

मग काय, मजाच! मामूंनी कोटावर भाच्याची लुंगी नेसून खडकावरच दुपारच्या, जुहरच्या नमाजाला पुढं उभं राहायचा मान घेतला. तय्यबनं सुरमई तळली. दुसरा चहा आला. या वेळी कानाचा कप भाभीला वळसा घालून माझ्यापुढं आला. भाभी म्हणाली, ‘‘वा रे वा!’’

कप ठेवायला मी आतल्या खोलीत गेले आणि भिंत बघितली. छतापासून खालपर्यंत कोळशानं लिहिलेल्या ओळी. मराठी शाळेतलं गोल अक्षर. तारीख, वाट बंद कधी, वाट खुली कधी. अकरा महिन्यांतला एक दिवस चुकलेला नव्हता. आणि सगळ्यांत खाली, पुढच्या दिवसांचासुद्धा अंदाज बांधून ठेवला होता. ‘शुक्रवार. वाट बंद अकरा. वाट खुली पावणेपाच.’

मी ती ओळ दोनदा वाचली. म्हणजे आम्ही दहाला आलो तेव्हाच याला माहीत होतं! अकराला आम्ही निघालो, तेव्हा हा ‘थांबा’ म्हणाला नाही. काच पुसायला गेला!

मागं पाऊल वाजलं. तय्यब दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि दोन ढांगांत येऊन त्या ओळीला पाठ लावून उभा राहिला.

‘‘मामूंना सांगू नका,’’ तो म्हणाला.

‘‘इन्शाल्ला,’’ मी म्हणाले, आणि बाहेर पळाले. भाभीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, धूर गेला डोळ्यांत.

पावणेपाचला पट्टी उघडली. ‘‘बघा,’’ मामू म्हणाले, ‘‘झाली की नाही ओहोटी? जरा लेट झाली.’’ तय्यब काठीनं वाळू चाचपत पुढं, त्याच्या पाठीला चिकटून मामू आणि भाई, शेवटी आम्ही दोघी पायांखाली बघत. पलीकडच्या किनाऱ्यावर मामू थांबले आणि भाईला म्हणाले, ‘‘खैरुद्दीन, तू बहिणीला इथंच विचार. मला उद्या पत्र लिहायचंय.’’

भाईनं घसा साफ केला. तय्यबनं अदब म्हणून लगेच समुद्राकडे तोंड फिरवलं.

‘‘कुबरा,’’ भाई म्हणाला, ‘‘तय्यबच्या आईला काय कळवायचं?’’

भाभीनं माझं मनगट घट्ट धरलं, म्हणजे गप्प राहा, फक्त गप्प राहा. मी मान खाली घातली. एक, दोन, तीन मोजले. अजून थोडंच राहायचं होतं. पण मान खाली घालून डोळे वर करायची मला जन्माची खोड. समोर तय्यबची पाठ होती. त्या इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर मधोमध, कोळशानं उलटं उमटलेलं ‘पावणेपाच’.

आणि मला उचकी आली.

‘‘या अल्ला,’’ भाभी म्हणाली, आणि तिनं मनगट सोडून दिलं. मी हसत होते, नकाब डोळ्यांतल्या पाण्यानं भिजला होता, समोरची पाठ थरथरत होती आणि तिच्यातून खर्र, खर्र, खूं असा आवाज येत होता.

भाई गडबडला. ‘‘मामू, मुलगी गप्प राहिली तर होकार. पण ही तर हसली! आता काय धरायचं?’’

मामूंनी सवयीनं पेरं मोजायला हात वर केला. मग स्वतःच्या ओल्या चपलेकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

‘‘हसली तरी होकारच,’’ ते म्हणाले. ‘‘किताबात लिहिलंय.’’

‘‘नक्की, मामू?’’

‘‘नक्की.’’

त्या दिवशीचं मामूंचं तेवढं एकच बरोबर निघालं.